कॅस्टील साबण

कॅस्टील साबण हा ऑलिव्हच्या तेलापासून बनविला जाणारा साबण असून स्पेनमधील कास्तिया प्रदेशावरून त्यास हे नाव पडले. मूळ कृतीत प्राण्यांची चरबी वापरत नाहीत. आज मात्र अन्य वनस्पती तेलांच्या साबणांनाही हे नाव सर्रास दिले जाते.

घरगुती कृतीत १ किलो तेलास सुमारे १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्यामुळे थोडे तेल मोकळे राहते व साबण सौम्य होतो. सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी ओतल्यास द्रावण उसळून त्वचा व डोळे भाजतात. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य, कारण सोडा त्या धातूस खातो व ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

ऑलेइक आम्लाच्या आधिक्यामुळे याचा फेस थोडा, पण मलईसारखा असतो. ताज्या वड्या बुळबुळीत वाटतात. काही महिने हवेशीर जागी मुरल्यावरच त्या घट्ट होतात.