अबू सिंबेलच्या देवालयाचे स्थलांतर

कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली प्रियोळास आला, ही हकीकत आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. देव नेता आला, देऊळ मागे राहिले. मिसर देशातील अबू सिंबेल येथे ही सोय नव्हती. ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेस राजाने नाईलकाठचा वालुकाश्माचा डोंगर कोरवून ते देवालय निर्मिले. दारीच्या वीस मीटर उंचीच्या चार राजमूर्ती, मंडप, गाभारा, सारे एकाच खडकाचे. आस्वानच्या उंच धरणाखाली ते बुडणार होते. म्हणून 8 मार्च 1960 रोजी युनेस्कोने जगास साहाय्याची हाक दिली.

योजना अनेक आल्या. फ्रेंच योजनेत देवालयाभोवती मोठा बांध होता. पण झिरपणारे पाणी पंपांनी सदासर्वकाळ उपसावे लागणार! ब्रिटिश योजना पाहा : आत गाळलेले स्वच्छ पाणी भरून देवालय पाण्यातच राहू द्यावे, दर्शन काचेआडून घ्यावे. कल्पना रम्य खरी, परंतु वालुकाश्म पाण्यात किती काळ टिकणार? इटालियन योजना अखंड देवालय खडकासकट जॅकांनी साठ मीटर वर उचलण्याची होती. वजन अडीच लाख टनांहून अधिक. आम्हांस हीच भावते, कारण तीत मूर्तीला करवत लागत नाही. मात्र तेवढा पैसा जमेना. आणि हे काम निम्मे होऊन थांबले तर त्याचा काहीच उपयोग नव्हता.

अखेर 1963 साली सर्वांत अप्रिय मार्ग पत्करण्यात आला : देवालयाचे तुकडे करणे. त्यात खर्च तुलनेने कमी होता, आणि प्रत्येक तुकडा कापून, क्रमांक घालून, स्वतंत्रपणे नेता येत होता. पाणी तर 1964 पासून चढू लागले होते; तात्पुरता बांध घालून त्याच्या आड काम चालले. ठिसूळ दगडात राळ भरण्यात आली. दर्शनी भाग इटलीतील कराराच्या पाथरवटांनी हातकरवतींनी कापला. वीस-तीस टनांचे, हजाराहून अधिक तुकडे सुमारे 65 मीटर उंचावर नेऊन जुळविण्यात आले. वरचा डोंगर कृत्रिम. त्याच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे. खर्च सुमारे 4 कोटी डॉलर झाला.

22 सप्टेंबर 1968 रोजी समारंभ झाला. दिशा जुनीच राखल्यामुळे फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या 22 तारखेस सूर्यकिरण आजही गाभाऱ्यात पोहोचतात. चारांपैकी एक मूर्ती प्राचीन काळीच भंगली होती आणि तिचे धड व मस्तक पायथ्याशी पडले होते. नव्या जागी ते जोडले नाही. होते तसेच पायथ्याशी ठेवले आहे.