वऱ्हाडचा 'ऱ्ह' आणि लिनक्सची वितरणे

'शेगाव, जिल्हा बुलढाणा, वऱ्हाड' हा पत्ता पोस्टमनला अवघड नाही, पण संगणकाची त्याने दीर्घकाळ परीक्षा पाहिली. 'जिल्हा' ह्या शब्दातली वेलांटी साठवली जाते 'ज'नंतर आणि दिसायला हवी 'ज'च्या आधी. त्याच शब्दात 'ल्ह' हे जोडाक्षर आहे. 'वऱ्हाड'मधला अर्धा र हा रफार नाही. तो शिरोरेषेखालून आडवा जाणारा, खास मराठी वळणाचा र आहे. शिवाय 'शेगाव'मधला 'श' आणि 'बुलढाणा'मधला 'ल' मराठी धाटणीचे असावेत, हिंदी धाटणीचे नसावेत, ही अपेक्षा असतेच. लिनक्सच्या कोणत्या वितरणाने ही परीक्षा केव्हा आणि कशी उत्तीर्ण केली, ह्याचा मागोवा घेतला की मुक्त प्रणालींच्या इतिहासाची एक वेगळी बाजू समोर येते. रेड हॅट की डेबियन, ग्नोम की केडीई ह्या गाजलेल्या वादांखाली ती झाकली गेली आहे.

१९९१ ह्या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतन राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले, युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि २५ ऑगस्ट रोजी लिनस टोरवाल्ड्सने आपल्या छंदप्रकल्पाची घोषणा केली. ह्यांतली पहिली घटना आपल्या अंगणातली होती. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम केले, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ सालच्या आराखड्यावर बेतलेली आहे. प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात मात्र वेगळेच चालले होते. प्रत्येक टंकनिर्माता इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने देवनागरीचे तुकडे बसवत असे. एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की त्याची निरर्थक अक्षरमाळ होई. अक्षर दिसत होते, पण ते 'मराठी अक्षर' आहे हे संगणकाला ठाऊकच नव्हते. म्हणून शोध नाही, अकारविल्हे क्रम नाही आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर सुखरूप प्रवासही नाही.

लिनक्स म्हणजे खरे तर केवळ गाभा. त्याभोवती साधने, खिडक्या, टंक आणि स्थापनेची व्यवस्था रचून जो संच लोकांच्या हाती दिला जातो त्याला वितरण म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३चे, रेड हॅट १९९४चे. भारतात त्यांचा पहिला मोठा प्रसार महाजालावरून नव्हे तर चकत्यांवरून झाला. 'पीसी क्वेस्ट' ह्या मासिकाने १९९६पासून अंकासोबत लिनक्सची चकती द्यायला सुरुवात केली, त्यामागे अतुल चिटणीस ह्यांचा पुढाकार होता. पुढे पुणे आणि मुंबई येथे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट उभे राहिले.

ह्या गटांतले वाद वाचताना एक भेद लक्षात ठेवावा लागतो. महानगरात वितरणाची निवड हा तत्त्वाचा प्रश्न असू शकत होता : डेबियनची स्वातंत्र्यनिष्ठा श्रेष्ठ की रेड हॅटची व्यावसायिक शिस्त? लहान गावात ही निवड बहुधा हाती लागलेली चकतीच करत असे. शेगावात १९८३पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, त्यामुळे ते आडवळणाचे म्हणता येणार नाही. परंतु अशा गावांतली महाजालाची जोडणी म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरचा मोडेम. त्या काळी स्वस्तात मिळणारे बरेच अंतर्गत मोडेम आपले निम्मे काम विंडोजच्या आज्ञावलीवर सोपवत. लिनक्समध्ये ते मुके होत. मोडेम चालवायची आज्ञावली महाजालावर आणि महाजाल मोडेमपलीकडे, अशी ही कोंडी होती. त्यात आरपीएमच्या परस्परावलंबनाची भर. एक संच बसवायचा तर दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा, आणि तिसरा चकतीवर नाही. डेबियनची 'अ‍ॅप्ट' ही साखळी आपोआप सोडवते हे खरे, पण तीही वेगवान जोडणी गृहीत धरूनच. २००४च्या ऑक्टोबरात आलेल्या उबुंटूने घरपोच विनामूल्य चकत्या पाठवायला सुरुवात केली. २०११पर्यंत चाललेल्या त्या योजनेचे महत्त्व महानगरातल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. वितरणाच्या गुणावगुणांची चर्चा करण्याआधी वितरण घरात यावे लागते.

आता मराठीकडे वळू. २०००च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी ह्यांनी 'इंडलिनक्स' प्रकल्प सुरू केला, लिनक्सचा पडदा भारतीय भाषांत बोलावा ह्यासाठी. २००४ साली रेड हॅटने 'लोहित' टंकमाला मुक्त परवान्याखाली खुली केली. हे टंक मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. लोहित म्हणजे तांबडा, तेव्हा नावातली गंमत उघड आहे. ह्या घटनेचे मोल असे की कोणत्याही वितरणाला एक युनिकोड मराठी टंक कायदेशीरपणे सोबत देता येऊ लागला, आणि तो दुरुस्तही करता येऊ लागला.

पण टंक असणे पुरेसे नव्हते. देवनागरीत संकेतांची रांग आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरे ह्यांच्यामध्ये एक रचनाकार लागतो, जो वेलांटी पुढे आणतो, रफार वर चढवतो आणि जोडाक्षर घडवतो. लिनक्सवर असे रचनाकार एकाहून अधिक होते. ग्नोमचा पँगो, केडीईच्या मुळाशी असलेल्या क्यूटीचा स्वतःचा, आणि ओपनऑफिसचा आणखी तिसरा. परिणामी एकाच यंत्रावर, एकाच टंकात, 'जिल्हा' हा शब्द एका खिडकीत शुद्ध आणि दुसरीत मोडका दिसे. फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी, म्हणजे २००८च्या मध्यापर्यंत, त्या न्याहाळकाला पँगोची मदत घ्यायला वेगळे सांगावे लागे. ज्या वितरणाने ही कळ आधीच दाबून ठेवली असेल तेथे मराठी नीट दिसे, जेथे नसेल तेथे वेलांट्या भलत्या अक्षराच्या गळ्यात पडत. 'अमुक वितरण मराठीसाठी चांगले' ह्या मताचा उगम पुष्कळदा एवढाच होता. मतभेद निष्ठेचा वाटे, कारण मात्र एका ओळीच्या मांडणीत असे.

ह्या सर्वांत बोधप्रद कथा 'ऱ्ह'ची आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्यांत विद्यापीठ आणि मुदपाकखाना ह्यांचे अंतर आहे. हा भेद संस्कृतला नको, हिंदीला नको. मराठीला, कोकणीला आणि नेपाळीला हवा. युनिकोडमध्ये त्यासाठी दोन वाटा निघाल्या. जुनी वाट अशी की र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. नवी वाट अशी की द्राविडी उच्चाराच्या लेखनासाठी ठेवलेला, खाली बिंदू असलेला 'ऱ' घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचा. दोन्ही वाटांनी पडद्यावर उमटणारे 'वऱ्हाड' सारखेच दिसते, पण आत संकेत वेगळे. एका वाटेने लिहिलेला शब्द दुसऱ्या वाटेने शोधला की संगणक सरळ 'नाही' म्हणतो, दोन्हींची सांगड मुद्दाम घालून ठेवली नसेल तर. मतदारयादीत किंवा भूमिलेखात 'कऱ्हाडे' वा 'गोऱ्हे' हे आडनाव अशा रीतीने हरवू शकते. अक्षर दिसते आणि माणूस सापडत नाही.

'श' आणि 'ल' ह्यांचा प्रश्न ह्याच्या उलट आहे. तेथे संकेत एकच आणि वळणे दोन. युनिकोड अक्षराची ओळख ठरवते, वळण टंकावर सोडते. ओपनटाइप टंकात भाषेनुसार वळण बदलण्याची सोय असते, मात्र त्यासाठी मजकूर मराठी आहे हे संगणकाला कळावे लागते. पडदा इंग्रजीत ठेवून मराठी लिहिणाऱ्याला त्यामुळे हिंदी 'श' दिसू शकतो. लोहितमध्ये आरंभी मराठी आणि हिंदी असे स्वतंत्र टंक होते. पुढे ते एकत्र करून 'लोहित देवनागरी' सिद्ध झाला आणि वळणांचा निर्णय ह्या सोयीवर सोपवला गेला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, २०२२मध्ये त्यात सुधारणा केली आणि 'देठयुक्त श' व 'पाकळीयुक्त ल' ह्या संज्ञा चर्चेत आल्या. शासननिर्णयाने वळण ठरते हे खरे. ते पडद्यावर उतरते मात्र कोणीतरी टंकाच्या तक्त्यात एक नोंद केल्यावर.

येथे मुक्त प्रणालीचे खरे वैशिष्ट्य दिसते. अशी नोंद करण्याचा अधिकार कोणालाही आहे, आणि ती मुळाशी केली की सर्व वितरणांत झिरपते. २०१२च्या सुमारास पँगोने 'हार्फबझ' ह्या सामाईक रचनाकाराचा आधार घेतला, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि क्यूटी हेही त्याच्यावर आले. त्यानंतर खिडकीखिडकीतले फरक जवळजवळ संपले. ह्याच काळात वादांचे रणांगण कोठे होते? २०११ साली ग्नोमची तिसरी आवृत्ती आणि उबुंटूची 'युनिटी', २०१४ साली डेबियनमधले सिस्टमडी आणि त्यातून फुटलेले 'डेव्युआन'. हे वाद निरर्थक नव्हते. परंतु मराठी वाचकाचे बरेवाईट ज्या थरात ठरत होते तो थर त्या वादांच्या कितीतरी खाली होता, आणि तेथे काम करणारी माणसे मोजकी होती.

शेजारच्या एका भाषेचे उदाहरण बोलके आहे. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मल्याळमची चिल्लू अक्षरे स्वतंत्र संकेतांनी आली, आणि मराठीचा 'ॲ'ही त्याच आवृत्तीत आला. चिल्लूंवरून केरळात कडाक्याचा जाहीर वाद झाला. 'ॲ' आपल्याकडे निमूटपणे दाखल झाला. ह्याचे एक कारण असे की केरळने शाळांतूनच मुक्त प्रणाली शिकवली, त्यामुळे आपल्या लिपीच्या पोटात हात घालणारी एक पिढीच तेथे तयार झाली. महाराष्ट्रात २००१नंतर एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकसाक्षर केले, ही मोठीच कामगिरी. पण ती साक्षरता मुख्यतः विंडोज आणि ऑफिस ह्यांची होती. तीत संगणक वापरायची वस्तू होता, दुरुस्त करायची नव्हे. सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेले 'बॉस' हे वितरण दिले, तरी शिकवणुकीची दिशा बदलली नाही.

म्हणून वितरणांच्या वादाकडे पाहताना 'कोणते श्रेष्ठ' हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मराठीपुरता विचार केला तर टिकाऊ फळ कोणत्याही एका वितरणाच्या विजयातून आले नाही. 'वेलांटी चुकते आहे' अशी तक्रार कोणी नेमक्या शब्दांत नोंदवली, दोष टंकाचा की रचनाकाराचा हे कोणी चिकाटीने वेगळे केले, आणि दुरुस्ती आपल्यापुरती न ठेवता उगमापर्यंत कोणी पोहोचवली, ह्यातून ते आले. आज 'वऱ्हाड' हा शब्द जवळजवळ कोणत्याही यंत्रावर बिनचूक उमटतो, इतका की त्यामागे काही श्रम असतील हे जाणवूही नये. मात्र त्याची दोन संकेतरूपे अजूनही नांदत आहेत. कोणत्याही दप्तरात दोन्ही एकाच शोधात सापडावीत एवढी साधी मागणी आपण भाषिक म्हणून करू शकतो, आणि मुक्त प्रणालीत ती पुरी करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.