९६०० एचपी : चाचणीच्या एका गाडीची कुळकथा

भिलाईच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक रुळाच्या अंगावर त्याचा जन्मदाखला असतो. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर ठरावीक अंतराने उठावाची अक्षरे उमटलेली दिसतात. त्यांत रूळ मीटरला किती किलोचा, पोलादाची प्रत कोणती, कारखाना कोणता, महिना (तोही रोमन अंकात) आणि वर्ष हे सगळे असते. शिवाय गरम असतानाच ठोकलेला हीट नंबर असतो. हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेला पोलादाचा घाणा. पुढे एखादा रूळ कुठे तडकलाच, तर या नंबरावरून थेट त्या घाण्यापर्यंत मागे जाता येते. रेल्वेला हा माग हवा असतो, म्हणून हे मार्किंग नियमाने सक्तीचे आहे.

भिलाईची रेल अँड स्ट्रक्चरल मिल १९६० साली सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या रस्त्यांवर करड्या रंगाची एक लांब नाकाची गाडी चाचणीसाठी धावत होती. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. गाड्यांच्या अंगाला लागतो तो पातळ पत्रा भिलाईत बनतही नाही. इथला माल म्हणजे रूळ, जाड प्लेट, सळ्या आणि वायर रॉड. पण ओळख धातूवरच कोरून ठेवायची, कागदावर भरवसा ठेवायचा नाही, ही रीत दोन्हीकडे एकच. म्हणून त्या गाडीचे कूळ शोधायला भिलाईत बसूनही अडत नाही.

ही गाडी जॅग्वार ई-टाइपच्या उत्पादनपूर्व गाड्यांपैकी. चासी नंबर ८८५००२, नंबर प्लेट ९६०० एचपी. त्यातले एचपी वाचून भल्याभल्यांना हॉर्सपॉवर आठवते, पण ती कॉव्हेंट्रीच्या नोंदणी कार्यालयाला मिळालेली अक्षरे आहेत, आपल्या दुर्गच्या आरटीओला सीजी ०७ मिळाले तशीच. तिची बहीण, उघड्या टपाची हिरवी गाडी, ७७ आरडब्ल्यू. तीही कॉव्हेंट्रीचीच, चासी नंबर ८५०००३.

कूळ आणखी मागे जाते. १९५७ साली जॅग्वारने ई१ए नावाची छोटी गाडी बनवली. अंग अख्खे अॅल्युमिनियमचे, इंजिन २.४ लिटरचे. आकार माल्कम सेयर यांचा. ते विमानाच्या कारखान्यातून आलेले, त्यामुळे वाऱ्याचा हिशेब आधी आणि शोभा मागून. या गाडीवर मागच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन तपासले, इतर बऱ्याच गोष्टी तपासल्या आणि काम संपल्यावर गाडी मोडीत काढली. चाचणीच्या गाडीचा हा रिवाजच आहे. रुळाचा तुकडा वजन पाडून तपासतात, नंतर तो कोणी जपून ठेवत नाही. तसेच हे.

नंतरची ई२ए मात्र वाचली. १९६० साली ती ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या संघातर्फे ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली. पुढे तिच्यावर ब्रेकच्या चाचण्या झाल्या, मग ती कोपऱ्यात पडून राहिली आणि १९६७ साली कारखान्याबाहेर विकली गेली. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात तिला ४९ लाख डॉलरच्या वर किंमत आली. ई१ए जपली असती तर आज तिला काय किंमत आली असती, हा हिशेब कारखान्यातल्या कोणी त्या वेळी केला नाही. करायचे कारणही नव्हते.

९६०० एचपी वाचली ती एका घाईमुळे. १५ मार्च १९६१ ला जिनिव्हात ई-टाइप जगासमोर यायची होती. पत्रकारांच्या हाती द्यायला तयार गाड्या जवळजवळ नव्हत्याच, म्हणून आधीच हजारो मैल तुडवलेली ही चाचणीची गाडी झाडून-पुसून पुढे केली. दी ऑटोकार या साप्ताहिकाने तिच्यावर ताशी १५० मैलांचा वेग नोंदवला. म्हणजे ताशी २४० किलोमीटरच्या वर, १९६१ साली, आणि इतर वेगवान गाड्यांच्या मानाने फारच कमी किमतीत. हा आकडा मिळवताना गाडीला डनलॉपचे शर्यतीचे टायर लावले होते आणि इंजिनही खास हाताने जुळवलेले होते, हे जाणकार पुढे उघडच बोलू लागले. दुकानात मिळणारी ई-टाइप इतकी पळत नसे. जाहिरातीचा आकडा आणि रस्त्यावरची गाडी यांत अंतर असतेच. अॅव्हरेजच्या बाबतीत आपणही ते रोज भोगतो.

मग जॅग्वारचे बॉब बेरी तीच गाडी पळवत जिनिव्हाला निघाले आणि समारंभाला अगदी थोडा वेळ उरला असताना पोहोचले. पार्क देझो-व्हीव्ह या बागेतल्या रेस्टॉरंटपुढे जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स तिच्या शेजारी उभे राहिले, तो फोटो जगभर छापला गेला. गाडीत बसून फेरी मारायला इतकी गर्दी झाली की लायन्स यांनी कॉव्हेंट्रीला फोन करून दुसरी गाडी मागवली. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यांनी ७७ आरडब्ल्यू रातोरात चालवत आणली. पुढे ई-टाइपच्या ७२ हजारांहून अधिक गाड्या बनल्या. त्यांचे पहिले दर्शन जगाने घेतले ते या दोन घासलेल्या गाड्यांत.

प्रसिद्धी ओसरली तसे ९६०० एचपीचे दिवसही फिरले. गाडी विकली गेली, हातोहात फिरली, गंजली. १९७७ साली जॅग्वारवर पुस्तके लिहिणारे फिलिप पोर्टर यांनी ती घेतली आणि ती दोन दशकांहून अधिक काळ तशीच उभी राहिली, कारण दुरुस्तीचा खर्च पेलण्यासारखा नव्हता. माझ्या मते या पडून राहण्यानेच तिची ओळख शाबूत राहिली. त्या वर्षांत उत्साहाच्या भरात तिचे डेंटिंग-पेंटिंग झाले असते, तर आज ती जुन्या ई-टाइपांपैकी आणखी एक गाडी ठरली असती.

ओळख पटवायची कशी, हा खरा मुद्दा. नंबर प्लेट इथे कुचकामी. ब्रिटनमध्ये नंबर एका गाडीवरून दुसरीवर कायदेशीरपणे नेता येतो. म्हणून जाणकार आधी बॉनेट उघडतात. ई-टाइपचा चासी नंबर पुढच्या चौकटीवर ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर आणि सिलिंडर हेडवर, अशा दोन ठिकाणी असतो आणि त्याच्या शेवटी आठ किंवा नऊचा आकडा असतो, तो कॉम्प्रेशनचा. गिअरबॉक्सचा नंबर निराळा, बॉडीचा आणखी निराळा. हे सगळे एका पत्र्यावर एकत्र लिहून तो इंजिनाजवळ लावलेला असतो. पत्र्यावरचे आकडे आणि धातूवरचे आकडे जुळले तर बोलणी पुढे सरकतात.

पण पत्रा नवा करता येतो, आकडेही नव्याने ठोकता येतात. म्हणून नजर बारकाव्यांकडे वळते. सुरुवातीच्या ई-टाइपचे बॉनेट बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडत असे. जेमतेम पहिल्या पाचशे गाड्यांनंतर ती खटक्याची सोय आत गेली. बॉनेटवरची गरम हवा बाहेर सोडणारी खाचांची जाळी आधी सुटी बनवून वेल्डिंगने बसवत, नंतर ती बॉनेटच्या पत्र्यातच दाबून काढू लागले. पाय ठेवायची जमीन सुरुवातीला सपाट होती. उंच माणसांचे पाय अवघडतात म्हणून १९६२ च्या सुरुवातीपासून तिला खोलगट केले. यातली एकही गोष्ट ओळखीसाठी केलेली नव्हती. कारखान्याच्या दृष्टीने हे दोषच होते, सुधारायचे राहून गेलेले. पन्नास वर्षांनी तेच पुरावे झाले.

पोर्शचेही असेच. ९११ चे मूळ नाव ९०१. १९६३-६४ मध्ये तिच्या १३ चाचणीच्या गाड्या बनल्या आणि कारखान्यात त्यांना टोपणनावे पडली: एक वादळपक्षी, एक वटवाघूळ, पिवळी ती लिंबूफुलपाखरू. त्यांतली एकच आज शिल्लक आहे. मधे शून्य असलेले तीन आकडी नाव आमचे, अशी प्यूजोने हरकत घेतल्याने नाव बदलले, पण तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या बनून गेल्या होत्या. २०१४ साली जर्मनीतल्या एका कोठारात गंजलेला सांगाडा मिळाला. त्याचा चासी नंबर पाहिला तर ३०० ०५७! त्या ८२ पैकी एक. पोर्शच्या संग्रहालयाने तो सांगाडा विकत घेऊन तीन वर्षे खपून उभा केला.

आपल्याकडे हे सगळे आता नियमात बांधलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२२ प्रमाणे चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना गाडीवर कोरावाच लागतो. सतरा अक्षरांच्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. टाटांचा क्रमांक एमएटी या अक्षरांनी सुरू होतो, महिंद्रचा एमए१ ने. चाचणीच्या गाड्या पुण्यात एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या टेकडीवर, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संस्थेत आणि २०२१ पासून पीथमपूरच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळी मार्गावर धावतात. अंगावर नक्षीचे स्टिकर चिकटवलेली, आकार झाकलेली गाडी चाकण-तळेगावच्या रस्त्यावर पुणेकरांनी शंभरदा पाहिली असेल. टाटांनी रेसमो ही दोन आसनी स्पोर्ट्स कार २०१७ साली मांडली तीही जिनिव्हातच, पण ती बाजारात आलीच नाही. अशा गाड्यांचे पुढे काय होते? बहुधा ई१एचे झाले तेच.

परदेशातले वेड आपण जसेच्या तसे उचलावे असे नाही. कोट्यवधी रुपये मोजून गंज विकत घेण्यात मला तरी फारसे शहाणपण दिसत नाही. पण एवढे करता येण्यासारखे आहे. घरात, शेडमध्ये किंवा गावाकडच्या गोठ्याशेजारी एखादी जुनी फियाट, जीप किंवा स्कूटर उभी असेल, तर ती रंगाऱ्याच्या हवाली करण्याआधी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसी बुकात ठेवून द्या. इंजिनाजवळचा पत्रा काढू देऊ नका. कुठे पत्रा हाताने ठोकलेला, वेल्डिंग वेडेवाकडे, बोल्ट भलताच दिसला तर त्याचे फोटो काढा, आणि मिस्त्रीने तो ‘सरळ करून देतो’ म्हटले तर त्याला चहा पाजून परत पाठवा.