एकविसावा रकाना

२८ फेब्रुवारी २०२४. अमेरिकेतल्या क्राउडस्ट्राइक कंपनीने विंडोजसाठीच्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती काढली. सेन्सर म्हणजे संगणकावर पाळत ठेवणारा सुरक्षा-प्रोग्रॅम, आणि त्याचा गाभा म्हणजे कर्नलमध्ये, विंडोजच्या अगदी आतल्या थरात, चालणारा ड्रायव्हर. नेम्ड पाइपच्या, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेच्या, आडून होणारे हल्ले ओळखायची नवी सोय या आवृत्तीत होती. या सोयीच्या नियमांच्या साच्यात २१ रकाने ठरलेले होते, पण माहिती पुरवणारा कोड २०च भरत होता.

५ मार्च ते २४ एप्रिल. या साच्यावर बेतलेले चार नियम ग्राहकांकडे गेले आणि काहीही बिघडलं नाही. चारही नियमांत एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ असंच होतं, त्यामुळे तो रकाना वाचायची वेळच आली नाही. चाचण्यांतही तेच झालं. आधीचे नियम सुरळीत गेले, म्हणून पुढच्यांवरही भरवसा ठेवला गेला.

शुक्रवार, १९ जुलै, सकाळी ९.३९ (भारतीय वेळ). हे नियम सेन्सरपर्यंत पोहोचवणाऱ्या चॅनेल फाइल २९१ ची नवी प्रत रवाना झाली. तिच्यात दोन नवे नियम होते, आणि त्यांतल्या एकाने एकविसाव्या रकान्यासाठी पहिल्यांदाच नेमकी अट घातली होती. फाइल तपासणारा प्रोग्रॅमही २१ रकाने येणारच असं धरून चालला होता, म्हणून त्याने ती पास केली.

फाइल टप्प्याटप्प्याने सोडली नव्हती. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. अनेक ग्राहक खबरदारी म्हणून सेन्सर मुद्दाम एक-दोन आवृत्त्या मागे ठेवत. ती खबरदारी कामी आली नाही, कारण तो पर्याय सेन्सरच्या आवृत्तीपुरता होता, या फाइलींना लागू नव्हता. ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्या चाचणीतून जावं लागतं, पण तो रोज ज्या फाइली वाचतो त्यांना नाही. कर्नलमधला ड्रायव्हर ज्या माहितीवर चालतो, तिची तपासणी कोडइतकीच कडक हवी.

पुढच्या काही क्षणांत. ड्रायव्हरने रकान्यांतल्या माहितीचे वीसच पत्ते असलेल्या यादीतून एकविसावा पत्ता उचलला. यादीच्या पलीकडे मेमरीत जे पडलं होतं, तेच त्याने पत्ता म्हणून धरलं. मायक्रोसॉफ्टने नंतर क्रॅश डंप, म्हणजे कोसळतानाची मेमरीची नोंद, उघडून हा कोड दाखवला. पत्ता शून्य तर नाही ना, ही तपासणी वाचण्याआधी केलेली होती. शून्य तो नव्हताच. तो भलताच होता. साध्या प्रोग्रॅमकडून असं झालं असतं तर तो एकटा बंद पडला असता. कर्नलमध्ये चुकीची मेमरी वाचली गेली की डेटाची नासाडी टाळण्यासाठी विंडोज अख्खी यंत्रणाच थांबवते. पडदा निळा झाला, त्यावर ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असा संदेश आला.

मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं, पण हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच, अगदी आरंभी लोड होतो. त्याने डिस्कवरची तीच फाइल वाचली आणि मशीन पुन्हा कोसळलं.

१०.५७. कंपनीने फाइल मागे घेतली. ७८ मिनिटं झाली होती. या वेळात जी मशीनं बंद होती ती वाचली. अडकलेल्यांपैकी काहींना कोसळण्याआधी नेटवर्क मिळून दुरुस्त फाइल उतरवता आली. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने ॲझुरवरची मशीनं पंधरा वेळापर्यंत रीस्टार्ट करून पाहायला सांगितलं होतं.

त्यानंतर दिवसभर. ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण थांबलं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांची विमानं जमिनीवर राहिली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हातात पडले. दहा बँका आणि वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं.

दुपारी ३.१५. हा सायबर हल्ला नाही, असं कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी जाहीर केलं.

संध्याकाळ आणि पुढचे दिवस. खरे कष्ट पडले ते आयटी विभागातल्या माणसांना. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, २९१ क्रमांकाची फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचं. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधून एकेक आकडा टाइप करायचा. ज्या मशीनपर्यंत दुरून पोहोचता येत नव्हतं, त्याच्यासमोर जाऊन बसावं लागलं.

२० जुलै. सुमारे ८५ लाख मशीनं बाधित झाल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला. जगातल्या विंडोज मशीनांच्या एक टक्क्याहूनही हे कमी होतं. एकट्या डेल्टा एअरलाइन्सला पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द करावी लागली.

२५ जुलै. फाइल वाचणाऱ्या त्या कोडमध्ये यादीची लांबी तपासणारी अट घालण्यात आली.