कॅमेऱ्याचा खर्च कोणी केला?

एकोणिसाव्या शतकातला खानदेश फोटोंतून पाहायचा म्हटला, तर आधी समोर येतात ती देवळे आणि लेणी. साक्री तालुक्यातल्या बलसाण्याचे कोरीव खांब, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे मंदिर, आणि सीमेपलीकडचा, तेव्हा निजामाच्या मुलखातला अजिंठा. धुळ्याच्या नंबर घातलेल्या गल्ल्या, जळगावचा कापूसबाजार, भुसावळची रेल्वे वसाहत यांचे त्या काळचे फोटो मात्र सार्वजनिक संग्रहांत सहज हाती लागत नाहीत. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव भडकले, तेव्हा ही गावे झपाट्याने बदलत होती. मग बदलत्या गावांचे फोटो कमी आणि शतकानुशतके जागच्या जागी असलेल्या दगडांचे भरपूर, असे का झाले? माझ्या मते त्याचे उत्तर कॅमेऱ्याचा खर्च कोण करत होते, यात आहे.

आयर्लंडशी तुलना केली की हे स्पष्ट होते. डब्लिनचा व्यापारी विल्यम लॉरेन्स प्रवाशांना विकण्यासाठी फोटो काढवून घेई आणि त्याचा छायाचित्रकार रॉबर्ट फ्रेंच गावोगाव फिरे. गिऱ्हाइकाला आपण पाहिलेला रस्ता, पूल, किनारा हवा असे. त्यामुळे छोट्या गावांचे मुख्य रस्तेही काचेवर उतरले, आणि त्या सुमारे 40,000 काचा आज आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. खानदेशात असे गिऱ्हाईक नव्हते. मेजर रॉबर्ट गिल 1844 साली अजिंठ्याला आला तो कंपनी सरकारच्या हुकमाने, भित्तिचित्रांच्या नकला करायला. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि त्याचे फोटो 1864 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्याच्या रंगीत नकलांपैकी बऱ्याचशा 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. गिलची कबर भुसावळला आहे. त्याच्यामागून आलेल्या हेन्री कझिन्सला पुरातत्त्व खाते पाठवत होते, आणि खात्याला शिल्पाची नोंद हवी होती. अशा फोटोंत खांबाशेजारी गावचा एखादा माणूस उभा दिसतो, तो केवळ खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचे नाव लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटली नाही.

यावर कोणी म्हणेल की कॅमेरा जड, काचा नाजूक, उन्हाळा कडक. गावांचे फोटो काढायचे राहिले ते अडचणींमुळे. पण त्याच काचा अजिंठ्याच्या दरीत नेता येत होत्या, मग स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरच्या बाजारात नेणे अवघड कसे? बाजार सरकारला माहीत नव्हता असेही नाही. 1880 च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये गावे, पिके, व्यापार यांची बारकाईने नोंद आहे. गाव आकड्यांत मावत होते, म्हणून त्याचे चित्र लागले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या सरकारी फोटोंमुळेच देवळाचा कोणता भाग केव्हा ढासळला हे कळते. ते खरेच आहे, आणि ते ऋण मानलेच पाहिजे. माझी तक्रार फोटोंबद्दल नाही. त्यांनाच ‘जुना खानदेश’ म्हणण्याबद्दल आहे.

खर्च करणारा बदलला की चित्रही बदलते, याचा पुरावा इथेच आहे. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्याच साहित्याने नगर सजवले. त्या प्रसंगाच्या फोटोंत खेडे हाच विषय झाला, कारण खेडे दाखवायचे होते. चाळीसगावच्या केकी मूस यांच्यामागे ना खाते होते ना पक्ष. स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ कोंडून घेऊन त्यांनी टेबलावर छोट्या वस्तू मांडून निसर्गदृश्ये उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. गावाची नोंद ठेवणे हे त्यांचे काम नव्हते, आणि कलावंताकडून ते मागणे अन्यायाचे ठरेल.

मग उरतात घरातले फोटो: लग्नाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे, जिनिंग-प्रेससमोर मालक आणि कामगार ओळीने उभे आहेत असे. ते काढणाऱ्याला पैसे गावानेच दिले होते, म्हणून पाटीवरची अक्षरे, मागची सरकीची पोती, बायकांच्या लुगड्यांचे काठ त्यांत आपोआप आले. धुळ्यात 1927 पासून राजवाडे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रे जपत आहे. या फोटोंनाही तशाच दफ्तराचा मान मिळायला हवा. आज ते स्कॅन करताना चेहरे तेवढे ठेवून कडा कापल्या जातात. जुनी गल्ली बहुतेक त्या कडेलाच असते.