बंदरावरची फटफटी

एका देशातले बिऱ्हाड मोडून दुसऱ्या देशात वास्तव्याला जाणारा, किंवा बऱ्याच वर्षांनी मायदेशी परतणारा माणूस स्वतःची वापरलेली मोटारसायकल सोबत आणतो, तेव्हा ती त्याच्या घरसामानाचा भाग मानायची की विक्रीयोग्य माल, हा प्रश्न बंदरावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे येतो. कपडे, भांडी आणि पुस्तके यांच्याबाबतीत बहुतेक देशांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला. वाहनाचा मात्र सुटला नाही, कारण वापरलेली मोटारसायकल ही रोजच्या उपयोगाची वस्तू असते तशीच गोदीच्या फाटकाबाहेर पडताच रोकड मिळवून देणारी मत्ताही असते. स्वातंत्र्योत्तर भारताने या प्रश्नाची जी उत्तरे वेळोवेळी दिली, ती त्या वाहनाकडे किंवा त्याच्या मालकाकडे पाहून क्वचितच दिली. परकीय चलनाच्या गंगाजळीची त्या त्या काळची स्थिती हेच त्यांचे खरे कारण होते.

ब्रिटिश अमदानीत मोटारसायकल ही बव्हंशी विलायतेहून येणारी वस्तू होती आणि बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, एरियल या नावांची वाहने मुंबई, कलकत्ता व मद्रास या बंदरांतून देशात उतरत असत. त्या काळी १८७८ चा सागरी सीमाशुल्क कायदा लागू होता. जकात भरली की वाहन सुटत असे, आणि ते जुने आहे की नवे याची फारशी चिकित्सा करण्याचे सरकारला कारणही नव्हते. जुन्या मोटारसायकलींचा मोठा लोंढा देशात आला तो स्थलांतरितांमुळे नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्ध संपल्यावर दोस्त सैन्यांनी मागे ठेवलेली वाहने सरकारने विक्रीला काढली आणि बाजारात त्यांना ‘डिस्पोजलचा माल’ हेच नाव पडले. दिल्लीत हार्ले-डेव्हिडसनच्या अशाच लष्करी गाड्यांना मागे आसनांची पेटी जोडून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि ‘फटफटी’ या नावाने ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून बंद होईपर्यंत चालली. या गाड्या मुळात आयात होऊनच देशात आल्या असल्या, तरी परवाना, वयोमर्यादा किंवा मालकीचा पुरावा यांपैकी कशाचाही अडसर त्यांना आला नाही, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने हे सारे बदलले. परदेशातून कोणतीही वस्तू आणायची तर आता जकातीच्या आधी परवाना लागू लागला आणि तो देण्याचा अधिकार मुख्य आयात-निर्यात नियंत्रकाच्या कार्यालयाकडे गेला. देशात वाहने तयार करण्याचा ठोस कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना केवळ सुटे भाग आणून जुळणी करू देऊ नये, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये केली. त्यानंतर मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. पुढे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या प्रारंभीच परकीय चलनाचा साठा झपाट्याने आटला आणि आयातीची कवाडे आणखी घट्ट मिटली. याच सुमारास मोटारसायकलींचे देशी कारखाने उभे राहिले: १९५५ मध्ये मद्रासेत एन्फिल्ड इंडिया आणि त्यानंतर काही वर्षांत म्हैसूरमध्ये आयडियल जावा.

परदेशातून परतणाऱ्या माणसासाठी या व्यवस्थेत एक चिंचोळी वाट ठेवलेली होती. ज्या आयातीसाठी भारतातून परकीय चलन बाहेर जात नाही, तिला नेहमीच्या परवान्याऐवजी ‘कस्टम्स क्लिअरन्स परमिट’, म्हणजे माल बंदरातून सोडवून घेण्यापुरती परवानगी, दिली जात असे. स्वतःच्या परदेशी मिळकतीतून घेतलेले वाहन या वर्गात बसू शकत असे. पण तत्त्वतः सरळ दिसणारी ही सवलत अटींनी वेढलेली होती. कायम वास्तव्यासाठी येणाऱ्या व्यक्तीने परदेशात सलग दोन वर्षे काढलेली असावीत आणि वाहन तिच्या ताब्यात किमान एक वर्ष असावे, हा निकष पुढे दीर्घकाळ टिकला. मालकीची कागदपत्रे, इंजिनाचा व चासीचा क्रमांक आणि पारपत्रावरच्या नोंदी यांची सांगड घालून हे सिद्ध करावे लागे, आणि सिद्ध झाले तरी जकात माफ होत नसे.

एवढ्या कडकपणाचे कारण बाजारात होते. टंचाईच्या देशात परदेशी बनावटीच्या वाहनाला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव मिळत असल्याने, सवलत ढिली केली असती तर परतणारा प्रत्येक माणूस नकळत व्यापारी ठरला असता. म्हणूनच ठरावीक काळ वाहन विकता येणार नाही, अशी अट घालून तिची नोंद आरसी बुकात करण्याची पद्धत पडली. परदेशी वकिलातींची वापरलेली वाहनेही खुल्या बाजारात थेट जाऊ नयेत यासाठी ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन या १९५६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाकडे सोपवली जात आणि महामंडळ त्यांची विक्री करी. टंचाईतून निर्माण होणारा नफा खाजगी हाती न जाता सरकारी तिजोरीत पडावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. धोरण म्हणून ते सुसंगत होते. मात्र त्याने टंचाई कमी झाली नाही, फक्त तिचा लाभार्थी बदलला.

परदेशस्थ भारतीयाच्या दृष्टीने या काळातली अधिक उपयोगी सोय उलट दिशेची होती. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. पण परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात किंमत भरली, तर रांगेबाहेर गाडी मिळू शकत असे. आखातात किंवा इंग्लंडात राहणाऱ्याने तिथली मोटारसायकल बोटीवर चढवण्यापेक्षा डॉलर किंवा पौंड पाठवून आकुर्डीच्या कारखान्यातली स्कूटर घरच्यांच्या दारी उभी करावी, हेच सरकारलाही हवे होते, कारण तिथे वाहन देशी आणि चलन परदेशी, असा दुहेरी लाभ साधत असे.

कायमच्या वास्तव्यासाठी नव्हे तर काही महिन्यांसाठी येणाऱ्याची वाट मात्र निराळी होती. १९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीचे नियम घालून दिले आणि ‘कार्ने’ नावाच्या पुस्तिकेला अधिकृत स्थान मिळाले. या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात: एक तुकडा देशात शिरताना तिथले सीमाशुल्क खाते काढून घेते, दुसरा बाहेर पडताना काढला जातो आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. वाहन ठरल्या मुदतीत बाहेर गेले नाही, तर पुस्तिका देणारा मोटार क्लब जकातीची रक्कम भरण्यास बांधील असतो आणि म्हणून तो वाहनमालकाकडून आधीच भरभक्कम तारण घेतो. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हीसुद्धा भारतातून बाहेर जाणाऱ्यांना ही पुस्तिका देत असे. भारतात अशा वाहनाला सहा महिन्यांची मुदत मिळे, आणि १९७३ ते १९७७ या काळात ट्रायम्फवरून जगप्रदक्षिणा करणाऱ्या टेड सायमनसारखे प्रवासी अशाच व्यवस्थेच्या आधारे सीमा ओलांडत. कार्नेवर आलेली गाडी विकणे म्हणजे जकातचोरीच ठरत असल्याने इस्तंबूल, तेहरान, काबूल या खुष्कीच्या मार्गाने गोव्याला पोहोचलेल्या अनेक परदेशी तरुणांनी पुढे वेगळाच मार्ग पत्करला: इथेच जुनी एन्फिल्ड बुलेट विकत घ्यायची आणि जाताना दुसऱ्या प्रवाशाला विकायची. १९७९ नंतर इराणातली क्रांती व अफगाणिस्तानातले युद्ध यांमुळे खुष्कीचा मार्ग जवळजवळ बंद पडल्यावर हा व्यवहार घटला नाही, उलट विमानाने येणाऱ्यांमुळे वाढला आणि दिल्लीच्या करोल बागेत त्यावर पोसलेली दुकाने उभी राहिली. आरटीओच्या नोंदीत मालकाचे नाव बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरणे आणि दुसऱ्या राज्यात नोंदणी न्यायची असल्यास नमुना २८ वरील ना-हरकत मिळवणे ही कायदेशीर रीत असली, तरी स्थानिक पत्त्याच्या पुराव्याअभावी ती अनेकदा अर्धवटच राहत असे.

सामान की माल, या मूळ प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम ७९ प्रवाशाने विशिष्ट काळ वापरलेल्या वस्तूंना जकातमुक्ती देते; परंतु दरपत्रकात प्रवासी सामानासाठी जे ९८०३ क्रमांकाचे शीर्ष आहे, त्यातून मोटारवाहने नावानिशी वगळलेली आहेत आणि मोटारसायकलीवर ८७११ या व्यापारी शीर्षाखालीच आकारणी होते. थोडक्यात, दहा वर्षे वापरलेली मोटारसायकलही कायद्याच्या लेखी मालच राहते.

१९९१ नंतरच्या उदारीकरणानेही जुन्या वाहनांना चटकन स्पर्श केला नाही. जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेने केलेल्या तक्रारीत भारत हरल्यावर १ एप्रिल २००१ पासून उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवावे लागले, आणि जुन्या वाहनांची आयातही नाइलाजाने खुली झाली. ती खुली होत असतानाच त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने वापरलेल्या मोटारी व दुचाकींवरील मूळ सीमाशुल्क १०५ टक्क्यांवर नेले. त्याच्या जोडीला नियम आले ते असे की वाहन निर्मितीपासून तीन वर्षांहून जुने नसावे, ते फक्त मुंबई बंदरातूनच यावे आणि सोडवून घेण्यापूर्वी पुण्याची एआरएआय, तेव्हाच्या अहमदनगरमधील वाहन संशोधन व विकास संस्था किंवा मध्य प्रदेशातील बुदनीची चाचणी संस्था यांच्यापैकी एकीकडून त्याची तपासणी व्हावी. चालकाचे चक्र उजवीकडे असण्याची अट दुचाकीला अर्थातच लागू नव्हती. दिव्याचा झोत मात्र डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असणे आवश्यक होते. परवान्याची भिंत पाडून तिच्या जागी वयाची, कराची आणि तपासणीची अशा तीन भिंती बांधण्याचा हा प्रकार होता. नव्या मोठ्या मोटारसायकलींसाठी यातली एक भिंत २००७ मध्ये खाली आली, ती आंब्याच्या बदल्यात: ८०० सीसी व त्यावरील क्षमतेच्या गाड्यांसाठी भारताने युरोपीय उत्सर्जन मानके ग्राह्य धरली आणि अमेरिकेने लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया केलेला आंबा आपल्या बाजारात येऊ दिला. वापरलेल्या गाडीच्या बाजूने सौदा करणारे असे कोणी नव्हते.

याउलट ब्रिटनमध्ये वास्तव्य हलवणाऱ्याने वाहन किमान सहा महिने वापरलेले असेल, तर जकात माफ होते आणि त्यानंतर वर्षभर ते विकायचे नसते; ऑस्ट्रेलियातही व्यक्तिगत आयातीसाठी मालकी आणि वापर यांचा काळ मोजला जातो. या देशांत जितकी गाडी मालकाच्या अंगवळणी पडलेली, तितकी ती सामान मानली जाण्याची शक्यता अधिक. तीन वर्षांच्या भारतीय नियमात मात्र नेमका हाच दीर्घ सहवास गाडीच्या विरोधात जातो. परिणामी लंडन, मेलबर्न किंवा दुबईहून परतणारे मराठी कुटुंब कंटेनरमध्ये फर्निचर व धुलाई यंत्र चढवते, मोटारसायकल मात्र सहसा तिथल्याच बाजारात मिळेल त्या भावाला विकून येते.