मदत मागितली म्हणून शिक्षा नको : कॉलेज, वसतिगृह आणि ‘वैद्यकीय अभय’

मेडिकल ॲम्नेस्टी, म्हणजे मराठीत ‘वैद्यकीय अभय’, हा एक साधा नियम आहे. दारू किंवा अमली पदार्थामुळे एखाद्या विद्यार्थ्याचा जीव धोक्यात आला आणि त्याने स्वतः किंवा त्याच्या मित्राने मदत बोलावली, तर नशा केली एवढ्याच कारणावरून दोघांवरही शिस्तभंगाची कारवाई करायची नाही. आधी जीव वाचवायचा, मग समुपदेशन. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली हे धोरण आणले. नंतर तिथे झालेल्या अभ्यासात दिसले की मदतीसाठी येणारे फोन वाढले, पिण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही. २००७ मध्ये न्यू मेक्सिकोने ओव्हरडोसच्या वेळी मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला.

आपल्याकडे असा कायदा नाही. कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत ‘व्यसन केल्यास प्रवेश रद्द’ हे वाक्य असते, पण ‘मित्र बेशुद्ध पडला तर कोणाला फोन करायचा’ हे नसते. त्यामुळे रात्री दोन वाजता मुले काय करतात? खोलीचे दार लावून घेतात, लिंबूपाणी पाजतात आणि ‘झोपला की उतरेल’ म्हणतात. नेमक्या त्याच तासांत जीव जातो.

पारनेरमध्ये हा विषय मांडणे थोडे अवघड आहे, कारण दारूविरोधी लढ्यात या तालुक्याचे नाव मोठे आहे. निघोजच्या महिलांनी मतदानाने बाटली आडवी केली. राळेगणसिद्धीत दारू बंद झाली, पण तिथे एके काळी दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, हे अण्णा हजारे यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. या लढ्यांमुळे अनेक घरांतल्या बायकांचा छळ थांबला, ते नाकारण्याचे कारण नाही. पण या इतिहासातून दारू पिणारा म्हणजे शिक्षेला पात्र माणूस, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. बेशुद्ध पडलेल्या अठरा वर्षांच्या पोराला ते समीकरण लावले की घात होतो.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार दारू पिण्यासाठीही परवाना लागतो. वयाची अट बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे आहे. म्हणजे पदवीला शिकणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा प्यायला की कायदा मोडतो. अमली पदार्थांसाठी एनडीपीएस कायदा, १९८५ आहे. त्याच्या कलम २७ नुसार नुसते सेवनही गुन्हा आहे : हेरॉइन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा १० हजार किंवा दोन्ही.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे आणि ते कार्यकर्त्यांना माहीत हवे. कलम २७ खाली किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या प्रकरणात आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. आपल्या कायद्यातले अभयाच्या सर्वांत जवळचे कलम हेच. पण त्यात तीन मोठी भोके आहेत. ते दारूला लागू नाही. ते ‘व्यसनी’ व्यक्तीसाठी आहे, त्यामुळे पार्टीत पहिल्यांदाच एमडी घेतलेली मुलगी त्यात बसेलच असे नाही. आणि फोन करणाऱ्या मित्राचा त्यात उल्लेखच नाही.

मदत करणाऱ्याला अभय देणे भारतीय कायद्याला नवे नाही. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये, यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सुपा चौकात धडक बसलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्याला संरक्षण आहे, पण खोलीतल्या मित्राला उचलणाऱ्याला नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाबाबतही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शिक्षेऐवजी उपचाराची दिशा घेतली. मग नशेच्या आणीबाणीतच जुना दंडुका का?

दवाखान्याची भीती वेगळी. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कागदपत्रे नंतर. विषबाधेच्या रुग्णाची एमएलसी नोंद सहसा होते आणि पोलीस चौकीला कळवले जाते, हे खरे. पण एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे. हा फरक मुलांना कोणी सांगितलेलाच नसतो.

कधी थांबायचे नाही

हाक मारून, चिमटा घेऊन जाग येत नाही; श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा मध्ये दहा सेकंदांहून जास्त खंड; ओठ-नखे निळसर; अंग गार; झटके; शुद्ध नसताना उलटी. यांतले एक जरी दिसले तरी १०८. रुग्णवाहिका येईपर्यंत डाव्या कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. घशात बोटे घालू नका, काही पाजू नका, गार पाण्याखाली धरू नका, एकटे सोडू नका. शेवटचा घोट घेतल्यानंतरही रक्तातली दारू काही काळ वाढतच असते, म्हणून ‘आता पीत नाहीये’ यावर विसंबता येत नाही.

दारूबरोबर झोपेच्या किंवा ‘बटन’ गोळ्या घेतल्या असतील तर श्वास मंदावण्याचा धोका कितीतरी वाढतो. एमडीमध्ये उलट अंग तापते, छाती धडधडते, माणूस अनावर होतो. आणि बनावट दारूतले मिथेनॉल तर फसवेच : त्रास कधी कधी बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो, दिसायला धूसर होते, पोटात दुखते. आपल्याच जिल्ह्यात पांगरमलला फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या काळातल्या विषारी दारूने अनेकांचे जीव घेतले. काय घेतले हे डॉक्टरला खरे सांगितले तरच योग्य उपचार लवकर सुरू होतो. भीतीपोटी ‘जेवणातून काहीतरी झालं’ असे सांगितले की मौल्यवान तास वाया जातात. पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयातून नगरच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे म्हटले तरी प्रवासाचा वेळ मोजावाच लागतो.

आपल्या मुलांना जास्त भीती का

शिक्षा कागदावर सगळ्यांना सारखी असते, पण ती सोसण्याची ताकद सारखी नसते. पैसेवाल्याच्या मुलाला वसतिगृहातून काढले तर तो फ्लॅट भाड्याने घेतो. समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या किंवा स्वाधार योजनेवर शिकणाऱ्या मुलाचे तेवढ्यावर शिक्षणच संपू शकते. घरातला पहिलाच पदवीधर होऊ घातलेला मुलगा पोलीस भरतीची तयारी करत असेल, तर चारित्र्य पडताळणीच्या विचाराने त्याचा हात फोनकडे जात नाही. मुलीच्या बाबतीत तर गावाकडे कळले की थेट लग्नच.

त्यात आपली एक खास लाज मिसळते. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा लहानपणापासून म्हटलेली असते. ‘बौद्धाचा मुलगा असून?’ हा प्रश्न मुलांना पोलिसांपेक्षा जास्त घाबरवतो. काही ज्येष्ठ कार्यकर्ते मला विचारतात, अभय दिले तर शील पाळायचे कशाला? माझे मत असे की शील हे स्वतः स्वीकारायचे असते, आजाऱ्याची सेवा नाकारण्याचे ते निमित्त नव्हे. विनयपिटकात स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदांसह धुतले, हा प्रसंग आपण वर्षावासात सांगतो. तिथे आधी चौकशी समिती बसलेली नव्हती.

नियमात काय लिहून घ्यायचे

कॉलेज पोलिसांचा गुन्हा माफ करू शकत नाही, पण स्वतःची शिस्तभंगाची कारवाई नक्कीच थांबवू शकते. त्यासाठी मुंबईच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. विद्यार्थी प्रतिनिधींमार्फत तिथे ठराव मांडता येतो. वसतिगृहासाठी गृहपाल आणि जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त यांना निवेदन द्यावे. मागणी मोघम नको. अभय रुग्णाला, फोन करणाऱ्याला आणि मदत येईपर्यंत जवळ थांबणाऱ्याला मिळावे. बदल्यात रुग्णाने नंतर समुपदेशन पूर्ण करावे. नशेचे पदार्थ विकणे, मारहाण, लैंगिक अत्याचार, दारू पिऊन गाडी चालवणे यांना अभय नाही. ज्युनियरला जबरदस्तीने पाजणे हे रॅगिंगच आहे, त्यात पाजणाऱ्याला सूट नाही आणि पिणाऱ्याला दोष नाही. अकरावी-बारावीची मुले अठराच्या आतली असतात, आणि बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे त्यांना दारू देणाराच सात वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र असतो.

उपचाराची माहिती गोपनीय राहील, हेही त्याच ठरावात घालावे. मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २३ त्याला आधार देते, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. खोलीच्या दारामागे १०८, टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे तीन नंबर चिकटवायला तर कोणाचीच परवानगी लागू नये. ठराव जून-जुलैत प्रवेशाच्या वेळीच मांडलेला बरा, कारण हमीपत्रांवर सह्या तेव्हाच होतात आणि नवे वाक्य त्याच कागदावर छापून घेता येते.